पांढऱ्यातला हिरवा

जरीपटका, नागपूर
१० ऑगस्ट २०२५

विक्की,

सप्रेम जय भीम. ‘सप्रेम’ सवयीने लिहिलं गेलं, आता खोडत बसत नाही. खाडाखोड केलेलं पत्र आईला आवडायचं नाही.

जरीपटक्याहून सक्करदऱ्याला स्कूटीने अर्ध्या तासात पोचता येतं आणि मी तुला स्पीड पोस्टाने पत्र पाठवते आहे. पोस्टातल्या बाईने पत्ता वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, गावातल्या गावातच? फोन नाही का त्यायच्यापाशी?” फोन आहे. त्या फोनात मी नाही. तुझ्या लग्नापासून तू मला ब्लॉक केलंयस, आणि तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही हे मी ठरवलंय. तेव्हा आपल्या दोघांत आता पोस्टमनच उरला.

लांबण लावत नाही. आम्ही देश सोडतोय. पोर्तुगालमध्ये पोर्तो नावाचं शहर आहे, तिथल्या एका कपड्यांच्या कंपनीत मला डिझायनरची नोकरी मिळाली. प्रेमानंद शाळेचा राजीनामा देतोय. पिंकीचं सातवीचं वर्ष अर्ध्यावर तुटणार, म्हणून ती माझ्याशी कट्टी आहे, म्हणजे घरातही मला बोलायला माणूस नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघायचं. तिघांचे व्हिसा होतील म्हणतात. चौथा अर्ज मी बाबांसाठी आणला होता. तो त्यांनी चौपदरी घडी करून मागच्या खिडकीच्या फटीत बसवला, वाऱ्याने खडखडते म्हणून.

“मी नाही येत,” म्हणाले.

“काहून पण?”

“तिथं एसटी आहे का?”

चाळीस-एक वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला यावर काय उत्तर द्यायचं? आता पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. जन्मभर लोकांची तिकिटं फाडली, आता स्वतः बिनतिकिटाचे फिरतात, आणि त्याचा त्यांना केवढा आनंद आहे ते तू बघायला हवं.

तर माझं मागणं असं आहे. बाबांना तुझ्याकडे घेऊन जा. एकटा राहतो म्हणतात, पण गॅसवर दूध ठेवून अंगणात गप्पा मारत बसतात. बीपीची गोळी घेतली की नाही हे मी विचारल्याशिवाय त्यांना आठवत नाही. तुझा त्यांच्यावर राग आहे, ते लग्नाला आले नाहीत म्हणून. मला समजतं. पण बाप आहे, विक्की. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या नावाने आंघोळ कर हवी तर. त्यांना ने.

इथे शिलाईचं दुकान आवरणं चालू आहे. कामावरच्या पोरींच्या सहा मशिनी सहा घरी गेल्या. आईची पायाची मशीन तेवढी राहिली आहे, ती कुणाला द्यायची ते सुचत नाही. मी फार थकले रे. अंगाने नाही, अंग ठीक आहे. सकाळी उठून आज काय काय सोडायचं याचा विचार करून थकते.

उत्तर पाठव. एका ओळीचं चालेल.

ताई


जरीपटका
२४ ऑगस्ट, रविवार

विक्की,

उत्तर नाही. पोचलं मात्र आहे, मी मोबाईलवर पाहिलं. ‘प्राप्तकर्त्याने सही केली’ असं आलं होतं. सही तरी छान केली असशील, तुझी सही आधीपासून मोठ्या साहेबासारखी.

बाबा काटोलला गेलेत. दर रविवारी जातात. त्यांचा जुना ड्रायव्हर चंपतराव तिथे राहतो. दोघं म्हातारे तिथल्या स्टँडवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवतात म्हणे. येताना पिशवीत मक्याची कणसं, नाहीतर पेरू. मागच्या रविवारी मनगटावर चांदणीचं स्टिकर चिकटवून आले. चंपतरावची नात मोठी वांड आहे म्हणाले. त्या नातीच्या बाहुलीसाठी माझ्या दुकानातल्या चिंध्याही घेऊन जातात. “रेशमी दे वं, सुती नको,” अशी वर निवड. मी देते. मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. सख्खी नात सक्करदऱ्यात चार वर्षांची झाली. तिच्यासाठी चिंधी मागायची सोय नाही, म्हणून हा माणूस काटोलच्या पोरीत जीव रमवतो. तुला मुलगी झाली हे मला बर्डीच्या बाजारात भाजी घेताना तिसऱ्याच बाईकडून कळलं. मी घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते नुसते “हाव का” म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

ही नोकरी मला कशी मिळाली ते तुला सांगायलाच हवं, कारण त्यात तू आहेस. ती साडी आठवते ना? वेदिकासाठी केलेली, तू परत पाठवलेली. दिल्लीच्या एका प्रदर्शनात मी ती टांगली होती. पोर्तोच्या कंपनीची मुख्य बाई तिच्यापुढे येऊन उभी राहिली ती हलेचना. पदर हातात घेऊन म्हणाली, हा पांढरा मला कुठेच सापडत नाही, हा आला कुठून?

मी तिला आजीची गोष्ट सांगितली. माझ्या मोडक्या इंग्रजीत. छपन्न साली दीक्षेला जायचं तर पांढरं नेसून जायचं, आणि आजीकडे पांढरं लुगडंच नव्हतं. होतं ते हिरवं. मग तिने ते धुण्याच्या सोड्यात उकळलं, उन्हात घातलं, पुन्हा उकळलं. रंग गेला, पण पदरात हिरवट झाक राहिलीच. तशीच नेसली आणि तशीच गेली. आई ही गोष्ट मशीन चालवता चालवता सांगायची. मी टीप मारायची आणि तू माझी चुकलेली टीप उसवायचास, ब्लेडने, कापडाला ओरखडा न येऊ देता. “प्रीती शिवते अन् विक्की उसवते, माह्यं काम दुप्पट,” असं आई म्हणायची. माझं सगळं डिझायनिंग त्या एका हिरवट पदरातून निघालंय. लोक पुस्तकं वाचतात, परदेशी मासिकं बघतात. मी आजीचं लुगडं उकळत बसते.

आणि त्याच पदराची ती साडी होती. पांढऱ्यावर पांढरी पिंपळपानं, पदरात दिसेल न दिसेल असा हिरवा. आपल्यात नवरी पांढऱ्यात उभी राहते, आई राहिली, मी राहिले. वेदिकाच्या घरी मात्र तुझी आजेसासू का कोण ती रडायला लागली, पांढऱ्यात पोरगी पाठवू कशी म्हणून. तू माझ्याकडे आलास. “ताई, एक बोटभर लाल काठ लाव, बस. सगळे गप्प होतात.” मी नाही म्हणाले. अजूनही नाहीच म्हणेन. त्यांचं रडणं रंगासाठी होतं का आपल्या घरासाठी होतं, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी साडी कुरिअरने परत आली, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. मी लग्नाला आले नाही. बाबा तर सदरा घालून, भांग पाडून तयार झाले होते. माझ्याकडे पाहिलं आणि सदरा काढून खाटेवर बसले. “मी पण नाही जात,” म्हणाले. त्या दिवशी मला वाटलं, जगात एक माणूस तरी माझ्या बाजूचा आहे.

आता ती साडी पोर्तोला न्यायची आहे. तिथल्या स्टुडिओत काचेमागे लावणार आहेत. तुझ्या सासरी नको झालेली साडी परदेशात काचेत बसणार, हे तुला टोचावं म्हणूनच लिहितेय, खोटं कशाला बोलू.

बाबांचं सांग.

ताई


जरीपटका
१४ सप्टेंबर

विक्की,

व्हिसा आले. तिघांचे. प्रेमानंदने पेढे आणले, पिंकीने कट्टी सोडून दोन खाल्ले. बाबांनी अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. “चंपतरावच्या नातीले,” म्हणाले.

तुझं उत्तर नाही. आता मला रागसुद्धा येत नाही, इतका कंटाळा आलाय. प्रेमानंद म्हणतो, एक बाई ठेवू स्वयंपाकाला, एक कॅमेरा बसवू घरात, तिकडून मोबाईलवर बघता येईल. म्हणजे मी पोर्तोत बसून माझा बाप खाटेवर एकटा बसलेला बघायचा. मी म्हटलं, त्यापेक्षा मला जायचंच नाही. तर तो शांतपणे म्हणाला, “मग नको जाऊ. पण नंतर दहा वर्षं मला ऐकवू नको.” मास्तर माणूस, फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतो.

मला जायचं आहे, विक्की. हे तुलाच सांगते, बाकी कुणाला सांगायची लाज वाटते. वय चव्वेचाळीस. वीस वर्षं मी लोकांचे लेहंगे सैल केले आणि ब्लाऊज घट्ट केले. कुणीतरी पहिल्यांदा विचारलं की हा पांढरा कुठून आला. मला तिथे जाऊन बघायचंय, अजून काय काय पांढरं करता येतं ते. पण बाबांना असं टाकून गेले तर तिथे हातात कात्री धरवणार नाही.

काल त्यांना शेवटचं विचारलं. “बाबा, मग तुम्ही राहाल कसे?”

“राहीन ना. तू कायले चिंता करून राहिली? माह्यं होऊन जाईन.”

“कसं होऊन जाईल?”

“होते वं. सगळ्यायचं होते.”

आणि चपला घालून निघून गेले. या माणसाला एवढी बेफिकिरी कुठून येते? मी रात्रंदिवस त्यांच्या चिंतेत, आणि ते शीळ घालत केस कापायला जातात. मला तर वाटायला लागलंय, त्यांना माझं जाणंच कळलेलं नाही.

हे माझं शेवटचं विचारणं. बाबांना नेणार की नाही? नाही असेल तर नाही लिही. मी सगळं रद्द करते. पण तुझ्या हाताने लिही.

ताई


जरीपटका
२२ सप्टेंबर

विक्रांत आनंदराव,

कालपासून तुला काय नावाने हाक मारावी ते सुचत नाहीये म्हणून शाळेतलं नाव लिहिलं.

काल दुपारी फोन वाजला, स्क्रीनवर ‘बाबा’. उचलला तर बाईचा आवाज. “ताई, मी वेदिका बोलते. घाबरू नका. बाबांना जरा चक्कर आली, आम्ही इथे जवळच्या दवाखान्यात आणलंय.” मी विचारलं, इथे म्हणजे काटोलला? ती हळूच म्हणाली, “सक्करदऱ्याला, ताई.”

मी आले ते तू पाहिलंस. काय दिसलं ते मात्र मीच सांगते. बाबा खाटेवर पडलेले, चेहरा ठीक. वेदिका पर्समधून त्यांच्या गोळ्या काढून डॉक्टरांना दाखवत होती. सकाळची कोणती, रात्रीची कोणती, जेवणाआधी का नंतर, सगळं तिला पाठ. मला ते रोज विचारावं लागतं. बाबांच्या पायाशी गुडघे पोटाशी घेऊन एक पोरगी झोपली होती, आणि तिच्या काखेत बाहुली. बाहुलीच्या अंगावर माझं कापड होतं. मोतिया रंगाचं टसर, मागच्या दिवाळीत एका नवरीच्या शेरवानीतून, म्हणजे नवऱ्याच्या, हातसुद्धा धड लिहीत नाहीये आज, त्यातून उरलेलं. मी स्वतः ती चिंधी बाबांच्या पिशवीत घातली होती. चंपतरावच्या नातीसाठी.

तू नारळपाणी घेऊन आलास. सहा वर्षांनी समोर उभा राहिलास आणि काय बोललास? “ताई, स्कूटी बाजूला घे, ॲम्ब्युलन्सचा रस्ता अडून राहिला.” मी जाऊन स्कूटी बाजूला घेतली. परत आत आले नाही, तिथेच सीटवर बसून राहिले.

आज सकाळी बाबांना समोर बसवलं. चंपतराव दोन वर्षांपूर्वीच वारलाय म्हणे! मेलेल्या माणसाच्या नातीला हा माणूस पेढे पोचवत होता.

“बाबा, काहून नाही सांगतलं मले?”

“सांगतलं असतं तं तू जाऊ देल्लं असतं?”

“मी काय तुम्हाले बांधून ठेवलं होतं?”

“बांधून नाही वं. पण तू जेवली नसतीस. तुह्या मायवर गेलीस तू. रुसली का ताट सरकवते.” मग टोपीची घडी घातली. “पोट्टी झाली तवा विक्की आला होता स्टँडवर, मले न्यायले. म्हणलं, माह्या लेकीले कळू देऊ नको. तिनं लय मनाले लावून घेतलं आहे.”

मी म्हटलं, “पण लग्नाले तं तुम्हीच नाही गेले. तुम्हाले बी राग आला होता ना?”

“मले कायचा राग?” ते माझ्याकडे खरंच आश्चर्याने बघत होते. “विक्कीजवळ तं भरला हॉल होता. तू घरी एकटी होतीस. तुह्याजवळ कोण होतं?”

विक्की, एवढी पत्रं मी तुला लिहिली. बाबांवरचा राग सोड, बाबांना माफ कर. तू ती वाचत होतास, आणि रविवारी बाबा तुझ्याकडे बसून जेवत होते. मला एकटीलाच वाटत होतं की भांडण तुमचं आहे आणि मी मधली. तुम्ही सगळे एका बाजूला मजेत होतात, पलीकडे मी एकटी होते. एक ओळ लिहायला काय झालं होतं तुला? हसलात का रे माझ्या पत्रांना?

बाबा म्हणतात हसले नाहीत. म्हणतात, वेदिका रडली, आणि तू म्हणालास, “तिचं तिले कळू द्या, मी सांगतलं तं अजून चिडन.” मोठा शहाणा झालास.

मी चूक होते असं मला अजूनही वाटत नाही. पण आज बाबा उठता उठता एक बोलले ते डोक्यातून जात नाही. “तुह्या आजीच्या पांढऱ्यात हिरवा होता, प्रीती. मैदानावर कोणी म्हणलं नाही तिले, का बाई, तुह्यात रंग आहे, तू वापस जाय.”

ताई


जरीपटका
३ ऑक्टोबर

विक्की,

बाबा उद्या तुझ्याकडे येतील. न्यायला ये म्हणत नाही, ते बसनेच येणार, सामानासकट, हा त्यांचा हट्ट आहे. निळी बॅग कपड्यांची. आईची मशीन प्रेमानंद टेम्पोने आणून देईल. ती कुणाला द्यायची हा प्रश्न सुटला. तेल घातलंय, पट्टा नवा टाकलाय.

काल धम्मचक्र दिनाला बाबा तुमच्याबरोबर दीक्षाभूमीवर गेले ते मला माहीत होतं. या वेळी सांगून गेले. मीही गेले होते, पिंकीला घेऊन. गर्दीत तुम्ही दिसलात. तुझी गुड्डी बाबांच्या खांद्यावर होती आणि सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस तिला घेऊन ताठ चालत होता. चक्कर आलेल्या माणसाच्या खांद्यावर पोरगी बसवायची नसते, एवढं तुला कळायला हवं. मी हाक मारणार होते. पण हाक मारून पुढे काय बोलायचं ते ठरत नव्हतं, तोवर तुम्ही पुढे गेलात. पिंकी म्हणाली, “आई, तो मामा आहे ना?” मी हो म्हटलं. “मग आपण का उभे आहोत?”

निळ्या बॅगेत सगळ्यात वर एक पुडकं आहे. त्यात गुड्डीचा फ्रॉक आहे.

तो त्या साडीचा आहे. पदराचा. कापायला बसले तेव्हा प्रेमानंद धावत आला, “अगं, कंपनीला काय सांगशील?” काय सांगेन ते तेव्हा सांगेन. सगळ्यात चांगलं काम पदरातच होतं. देताना लोक काठाकडचं, कोपऱ्यातलं देतात, मलाही आधी तेच सुचलं होतं. मग वाटलं, द्यायचं तर पदर द्यावा.

माप नव्हतं. दवाखान्यात ती मुटकुळं करून झोपलेली, अंदाज येईना. वेदिकाला फोन करून विचारता आलं असतं, नाही विचारलं. जमलं नाही. बाबांना विचारलं तर त्यांनी माझ्या टेबलावर वितीने मोजून दाखवलं, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अडीच वीत. “एवढी आहे, बरोब्बर.” त्या मापाने शिवला. खाली चार बोटं माया आत दुमडून ठेवली आहे. पोरगी वाढेल तशी वर्षाला एकेक बोट उसवायची, तीन-चार वर्षं फ्रॉक पुरेल. उसवण्याचं काम तुझं. ब्लेड नवं घे, कापड नाजूक आहे.

लाल लावलेला नाही. ते माझ्याच्याने होत नाही.

आठ तारखेला सकाळच्या विमानाने दिल्ली, तिथून पुढे. विमानतळावर यायची गरज नाही. बाबांना आणू नका, गर्दीत त्यांना त्रास होतो. तू आलास तर ते येतीलच, म्हणून लिहिलं.

त्यांना सकाळी चहाबरोबर शेव लागते. बीपी आहे म्हणून मी देत नव्हते, ते तुझ्याकडे खात असणार. थोडी देत जा.

ताई


पोर्तो
९ नोव्हेंबर

विक्की,

मेसेजला मेसेजने उत्तर देता आलं असतं. पण हाताला पत्राची सवय लागली. हे पोचेल तेव्हा पोचेल.

इथे रोज पाऊस आहे. उन्हाशिवाय कपडे वाळत घालायचे म्हणजे काय ते आता कळतंय, घरभर ओले टॉवेल लटकलेत. प्रेमानंद पोर्तुगीज शिकतोय आणि क्लासमध्ये पहिला येतो, मास्तरच तो. पिंकीला एक मैत्रीण मिळाली, दोघींना एकमेकींचं काही कळत नाही आणि दोघी तासन्‌तास बोलतात. मी संध्याकाळी घरी येते आणि बूट न काढता बसून राहते. काम आवडतंय. थकवा मात्र माझ्यासोबत विमानात बसून आलाय, त्याला व्हिसा लागला नाही.

साडी काचेत लागली. उरलेली. मुख्य बाईने ती उलगडली, हात फिरवत टोकापर्यंत गेली आणि थांबली. विचारलं, दुसरं टोक कुठे आहे? तो पदर, ज्यासाठी तुला बोलावलं? मी सांगितलं, तो घरी ठेवलाय. तिने कडेवरून बोट फिरवलं. कापलेली कड तशीच दिसू द्या म्हणाली.

आणि मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तुझा मेसेज. म्हणजे नंबर सुटला तर! सहा वर्षांनी माझ्या सख्ख्या भावाने मला लिहिलं:

‘फ्रॉक आखूड झाला.’

मी तीनदा वाचलं. मग खाली फोटो आला, आणि त्याखाली, ‘बाबायची वीत लहान झाली वाटते. पूर्ण चार बोटं उसवली तवा कुठं गुडघ्याले आला. जुन्या घडीची रेघ दिसून रायली होती म्हणून वेदिकानं त्यावर लेस लावली. रागावू नको.’

लाल लेस. बोटभर.

मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर रडले. शेजारच्या बाईने मला पाणी दिलं, कुणी वारलं का असं हाताने विचारलं. मी तिला फोटो दाखवला. गुड्डी तलावाकाठी उभी आहे, दोन्ही हातांनी घेर धरून, आणि मागे बाबा, टोपी वाकडी. ती बाई तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, फार सुंदर अशा अर्थाचं. मी मान हलवली.

मग डोळे पुसून फोटो मोठा करून पाहिला. लेस डावीकडे चढली आहे. वेदिकाला सांग, आधी टाचण्या लावायच्या, मग टीप मारायची, आणि आईच्या मशीनवर पाय एका लयीत ठेवायचा. तुझं उसवणं मात्र चांगलं झालंय, कुठे ओरखडा दिसत नाही. तो लाल मला कच्चा वाटतोय. पहिल्यांदा धुवाल तेव्हा मिठाच्या पाण्यात एकटाच धुवा, नाहीतर पांढऱ्यावर उतरेल. उतरला तर उतरला. फेकू नका.

आता त्या फ्रॉकमध्ये उसवायला काही उरलं नाही, म्हणजे पुढचा मलाच शिवावा लागणार. माप पाठव. टेपने घे. आणि ती सरळ उभी असताना घे, बाबांच्या खांद्यावर बसलेली असताना नको.

ताई